बर्नीबाईंचा बिनपगारी शुक्रवार

बर्नाडिन स्टॅशेक यांना गावात पूर्ण नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना बर्नी म्हणत. मीही तोंडावर बर्नीच म्हणायचो, पण मनात त्या कायम बर्नीबाईच राहिल्या. इथेही तसंच लिहितो.

ऑटर फॉल्स हे नदीकाठचं कागद गिरणीचं गाव. तिथल्या मुख्य रस्त्यावर, बोलिंगचा अड्डा आणि बंद पडलेलं बुटांचं दुकान यांच्या मधे, राज्य सरकारचं बेकारी भत्त्याचं ऑफिस होतं. एके काळी तिथे पाच माणसं होती. मी १९९१ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन होती, आणि ज्या वर्षाची ही हकिगत आहे त्या २००९ साली दोनच उरली होती. मी राजधानीत, त्याच खात्याच्या हिशेब विभागात. दर तिमाहीला तपासणीसाठी चार-पाच गावं फिरायचो. बाकीच्या गावांत मी दप्तर बघून तासाभरात निघायचो. इथे मात्र बाईंच्या खिडकीमागे खुर्ची टाकून उगाच बसून राहायचो, कारण त्यांचं काम बघण्यासारखं होतं.

ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा साखळीने गळ्यात, स्वेटरच्या खिशात दोन पेन्सिली. आवाज गिरणीतल्या माणसांसारखा मोठा, कारण वडील, भाऊ, नवरा सगळे गिरणीतले, आणि घरी हळू बोललेलं कोणाला ऐकूच यायचं नाही. समोर आलेल्या माणसाला त्या धीर वगैरे देत नसत. नोकरी गेलेला माणूस आधीच शरमेने अर्धा झालेला असतो, त्याला आणखी कीव नको, असं त्यांचं म्हणणं. त्या सरळ अर्ज पुढे ओढायच्या आणि चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवायच्या.

हा चौदावा प्रश्न मुळात साधा होता. येत्या आठवड्यांत तुम्ही कोणत्या दिवशी कामाला उपलब्ध नसाल? या प्रश्नावर आमच्या भागातली माणसं जेवढी फसली तेवढी दुसऱ्या कशावर फसली नसतील. शहरातला माणूस तिथे ‘सर्व दिवस उपलब्ध’ लिहून मोकळा होतो. ऑटर फॉल्सचा माणूस विचार करायचा, कॅलेंडर आठवायचा आणि खरं लिहायचा. गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या गायनाला जातो. भावाच्या गाई विणार आहेत, त्या आठवड्यात नाही. आणि नोव्हेंबर असेल तर दहातले नऊ जण लिहायचे, हरणांच्या हंगामाचे नऊ दिवस उपलब्ध नाही. राजधानीत तो अर्ज उघडला की कारकून नियमाप्रमाणे शिक्का मारायचा : कामास उपलब्ध नाही, भत्ता नामंजूर. माणूस खरं बोलला म्हणून उपाशी.

बाईंना हे स्वतःवरून कळलं होतं. १९८२च्या मंदीत राज्याने ऑफिसं छाटली तेव्हा त्यांचीच नोकरी गेली, आणि कालपर्यंत ज्या खिडकीमागे बसत होत्या त्याच खिडकीसमोर त्या रांगेत उभ्या राहिल्या. अर्जावर त्यांनी लिहिलं की मंगळवारी सकाळी सासूला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. अर्ज नामंजूर झाला. आठ महिन्यांनी परत कामावर घेतलं, तेव्हापासून त्यांच्या खिडकीतून चौदावा प्रश्न चुकलेला एकही अर्ज गेला नाही. त्या कोणाला खोटं लिहायला सांगत नसत. त्या फक्त विचारायच्या, जसं एका नोव्हेंबरात गिरणीतल्या एल्मरला विचारलं.

“बरं, तू मचाणावर बसलायस. खालून फोरमन आला, म्हणाला सोमवारपासून ये, पूर्ण पगार. तू उतरशील का?”

“हरीण समोर असेल का?”

“एल्मर.”

“उतरीन.”

“मग उपलब्ध आहेस. लिही.”

आणखी एक नियम सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. आमच्याकडे बेकारीचा आठवडा शनिवारी संपतो. ज्या आठवड्यात नोकरी गेली त्याच आठवड्यात, उशिरात उशिरा शनिवारच्या टपालाच्या शिक्क्याने, अर्ज गेला तर तो आठवडा धरतात. नाही गेला तर तो आठवडा बुडाला, मागाहून मिळत नाही.

२००९ साली राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. कारखाने बंद, विक्रीकर खाली, आणि आमच्या राज्यघटनेप्रमाणे वर्षअखेर तुटीचं अंदाजपत्रक चालत नाही. गव्हर्नरांनी वसंतात हुकूम काढला : दर महिन्याचा पहिला आणि तिसरा शुक्रवार सर्व सरकारी नोकरांना बिनपगारी सुटी. शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना सारखी. त्या दिवशी ऑफिसं बंद, फोन बंद. शिवाय एक कलम असं होतं की त्या दिवशी कोणी फुकटही काम करायचं नाही. काम केलं तर मजुरीच्या कायद्याने पगार द्यावा लागतो, म्हणून फुकट काम हा गुन्हा. दोनदा सापडला तर बडतर्फ.

गव्हर्नर दुष्ट माणूस नव्हते. पूर्वी ट्रॅक्टर विकायचे, माणसांत मिसळायची सवय होती, आणि कोणालाच न वगळण्यात त्यांना न्याय दिसत होता. मोठ्या मंदीत माणसं भार सोसतात, पण शेजाऱ्याला सूट मिळालेली सोसत नाहीत, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली होती. बेकारी भत्त्याच्या ऑफिसातल्या नोकरांचे पगार राज्य देतच नाही. ते केंद्र सरकार देतं, आणि काम झालं नाही तर पैसे परत घेतं. आमच्या माणसांना घरी बसवून राज्याच्या तिजोरीत काही पडत नव्हतं. मी मे महिन्यात तशी अर्ध्या पानाची टिपणी वर पाठवली होती. ती परत आली, कडेला कोणीतरी लिहिलं होतं, ‘समानता महत्त्वाची.’ मी ती फाइलला लावली.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी ऑटर फॉल्समधल्या खिडक्या बनवायच्या कारखान्याची चाळीस माणसं बंद ऑफिसासमोर थंडीत उभी होती. बाई किराणा आणायला निघाल्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली, स्वतःच्या किल्लीने ऑफिस उघडलं आणि पाच वाजेपर्यंत अर्ज भरून दिले. कोणीतरी कौतुकाने फोटो काढून इंटरनेटवर टाकला. कौतुकच महागात पडलं. फोटो राजधानीत पोचला, आणि कर्मचारी विभागाचे कर्टिस टोलेफसन यांनी ताकीद धाडली : किल्ली जमा करा, पुन्हा असं घडलं तर नोकरी जाईल.

नोकरी जाणं बाईंना परवडण्यासारखं नव्हतं. पूर्ण पेन्शनला अकरा महिने उरले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवरा लेरॉय. गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात तीस वर्षं काढून त्याची फुप्फुसं गेली होती, नाकाला नळी आणि बाजूला ऑक्सिजनची टाकी. गिरणीने निवृत्तांचा विमा कधीच बंद केला होता. लेरॉय बाईंच्या सरकारी विम्यावर श्वास घेत होता. नोकरी गेली तर पहिला धक्का त्या टाकीला.

बाईंनी किल्ली पाठवली, सोबत दोन ओळींचं पत्र. “मी बिनपगारी शुक्रवारी ऑफिसात पाऊल टाकणार नाही. इतर ठिकाणांविषयी आपण विचारलेलं नाही, म्हणून मी काही लिहीत नाही.” टोलेफसननी ते पत्र मला दाखवलं. पत्राची दुसरी ओळ त्यांनी खाली रेघ मारून ठेवली होती.

नोव्हेंबरचा तिसरा शुक्रवार वीस तारखेला आला. एकवीसला पहाटे हरणांचा हंगाम सुरू होणार होता. आणि एकोणीसला, गुरुवारी दुपारी, गिरणीने नोटीस लावली : दोन नंबरचं यंत्र कायमचं बंद, तीनशे माणसं आजपासून कमी.

म्हणजे हिशेब असा. शुक्रवारी ऑफिस बंद, फोन बंद. शनिवारी पहाटे चारला गावातले सगळे बाप्ये जंगलात. सोमवारी खिडकी उघडेपर्यंत तीनशे घरांचा एक आठवडा बुडालेला.

गुरुवारी संध्याकाळी टोलेफसन माझ्या टेबलाशी आले. उद्या ती बाई काहीतरी करणार, म्हणाले, तुमची तिथे ओळख आहे, बरोबर चला. सरकारी गाडी त्या दिवशी मिळत नव्हती, म्हणून माझी गाडी घ्यायची ठरली. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर बाईंना आधी फोन करून सावध करावं असं मनात आलं, आणि मी केला नाही. माझ्याही पेन्शनला वर्षं होती.

दुपारी तीनला आम्ही पोचलो. ऑफिसाला कुलूप होतं; सगळं गाव माजी सैनिकांच्या हॉलवर जमलेलं, बाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी तिथे फिश फ्राय असतं, आणि हंगामाच्या आदल्या दिवशी ते दुपारीच सुरू होतं. बिअरच्या पिठात तळलेले मासे, बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड. दारात नंबराचं तिकीट घ्यायचं आणि पुकारा होईपर्यंत ब्रँडी पीत उभं राहायचं. भडक नारिंगी टोप्या घातलेली दोन-तीनशे माणसं आत होती. एरवी या दिवशी हॉल नुसता खिदळत असतो. त्या दिवशी माणसं खात होती, पण आवाज खाली होता.

काउंटरच्या मागे, पांढरा ॲप्रन बांधून, कोशिंबीर वाढत गव्हर्नर उभे होते. दर वर्षी हंगामाच्या आदल्या दिवशी गव्हर्नर कुठल्या तरी गावच्या फिश फ्रायला वाढायला जातात, आणि या वर्षी ऑटर फॉल्स महिनाभर आधीच ठरलेलं होतं. नोटिशीनंतर सल्लागारांनी येऊ नका म्हटलं असणार. ते आले होते, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

आणि भिंतीशी, कपड्यांच्या खुंट्यांखाली, बर्नीबाई पत्त्याचं घडीचं टेबल मांडून बसल्या होत्या. पुढ्यात अर्जांची चळत, बिअरच्या रिकाम्या खोक्यात भरलेली पाकिटं, शेजारी टाकी घेऊन लेरॉय, तो टपालाची तिकिटं चिकटवत होता. अर्ज त्यांनी घरच्या प्रिंटरवर छापले होते, सरकारी कागदाचं एक पानही नव्हतं. त्यांची रांग माशांच्या रांगेपेक्षा लांब होती. माणसं एका रांगेत ताट घ्यायची आणि ते हातात धरून दुसऱ्या रांगेत उभी राहायची.

टोलेफसननी खिशातून वही काढली, तारीख घातली, घड्याळ बघून वेळ लिहिली आणि भिंतीकडे चालू लागले. मी मागोमाग. गव्हर्नरसाहेब समोर वाढत आहेत म्हटल्यावर त्यांच्या चालीत जरा जोर आला होता.

“बर्नाडिन, हे थांबवा. आज शुक्रवार आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर मासे आहेत,” बाई मान वर न करता म्हणाल्या. समोर एल्मर होता, चौदाव्या प्रश्नावर अडलेला. दर मंदीत तो तिथेच अडायचा.

“तुम्ही बिनपगारी रजेवर आहात. सरकारी काम करायची तुम्हाला परवानगी नाही. तुम्हाला एकदा लेखी सांगून झालंय. मी हे सगळं टिपून घेतोय.”

बाईंनी एल्मरच्या अर्जावर शेवटची खूण केली, तो लेरॉयकडे सरकवला, आणि मग चष्मा काढून साखळीवर सोडला.

“कर्टिस, एक विचारू? तुम्ही आज कामावर आहात का?”

टोलेफसननी पेन वहीवरून उचललं.

“नाही, मला खरंच कळत नाहीये म्हणून विचारते. हुकूम सगळ्यांना सारखा ना? तुम्ही कामावर असाल तर तुम्हीही तो मोडलाय, आणि तुमच्या त्या वहीत आजची तारीख तुमच्याच हाताने घातलेली आहे. आणि रजेवर असाल, तर तुम्ही आमच्या हॉलमधले एक पाहुणे आहात. पाहुण्याला माझ्या टेबलावरचे कागद बघायचा काय अधिकार?”

आजूबाजूच्या नारिंगी टोप्या टेबलाकडे वळल्या. टोलेफसननी आधी काउंटरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. राजधानीतून दीडशे मैल गाडी हाकत आम्ही दोघं आलो होतो, आणि बिनपगारी शुक्रवार आम्हालाही लागू आहे हे दोघांपैकी कोणालाच आठवलं नव्हतं. हिशेबाच्या माणसाला ते आठवायला हवं होतं.

“बोला की हो,” रांगेतून कोणीतरी म्हणालं. “मासे गार होतायत.”

“मी,” टोलेफसन म्हणाले, आणि वही मिटली. “मी जेवायला आलोय.”

“मग दारात नंबर घ्या,” बाई म्हणाल्या. “एकशे बारा चालू आहे. आणि धिरडी मागून घ्या, आपण होऊन वाढत नाहीत.”

हॉल हसला. त्या दिवसातलं ते पहिलं हसू असावं, म्हणून जरा जास्तच लांबलं. टोलेफसन खरोखरच दाराकडे गेले आणि त्यांनी तिकीट घेतलं. मी जागच्या जागी उभा राहिलो.

हसण्याने काउंटरमागचे गव्हर्नर बाहेर आले. हातात अजून कोशिंबिरीचा डाव होता. मागे स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोवाला. कोणीतरी त्यांच्या कानात दोन वाक्यांत सगळं सांगितलं असावं, कारण त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं नाही. ते टेबलाशी आले आणि चळतीकडे बघत उभे राहिले.

“बर्नी, बरोबर? तुमच्याबद्दल ऐकलंय मी.”

“चांगलं ऐकलं नसेल.”

ते हसले. मग त्यांनी हळू आवाजात, समजावणीच्या सुरात, आपली बाजू मांडली. हुकूम माझा आहे, म्हणाले, आणि तो काढताना मला झोप लागली नाही. रस्त्यांवरची माणसं घरी बसलीत, विद्यापीठातली बसलीत. एका खात्याला सूट दिली की दुसऱ्या दिवशी चाळीस खाती माझ्या दारात उभी राहतात. सगळ्यांनी सारखा भार उचलायचा, एवढं एकच वाक्य मी या राज्यातल्या माणसांना मान वर करून सांगू शकतो. माझाही पगार मी कापलाय.

“पगार कापलात ते चांगलं केलंत,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्या दारात शुक्रवारी रांग नसते. माझ्या दारात असते. माझ्या वाटणीचा भार मी नाही उचलत, गव्हर्नर, तो हा एल्मर उचलतो.”

“तरीही पैसे वाचतात. ते कुठून तरी वाचवावे लागतात.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मला हुडकून काढलं. माझं आडनाव कारखानीस. ते त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून त्या मला मिस्टर के म्हणायच्या.

“मिस्टर के, तुम्ही हिशेबातले. मी एक शुक्रवार घरी बसले की राज्याचे किती वाचतात?”

अठरा वर्षं मी त्यांच्या खिडकीमागे बसून दुसऱ्यांची पंचाईत बघत आलो होतो.

“शून्य,” मी म्हणालो.

“शून्य म्हणजे?” गव्हर्नरांनी विचारलं.

मी सांगितलं. पगार केंद्राचे, न वापरलेले पैसे केंद्राला परत. वाचत काहीच नाही.

“हे मला कोणी कळवलं नाही.”

“लेखी कळवलं होतं, सर. मे महिन्यात.”

त्यांनी डाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. कान लाल झाले होते, पण रागाने की कशाने ते सांगता येत नाही. त्यांनी एल्मरच्या पाकिटाकडे बघितलं. मग म्हणाले, ठीक आहे, सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणून मी यात लक्ष घालतो, शब्द देतो. पण आज हा हुकूम हुकूम आहे, आणि माझ्यासमोर तो मोडलेला मला चालणार नाही. तेव्हा आजच्यापुरतं हे टेबल बंद करा.

हे योग्यच होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. दोन्ही बाजू राहत होत्या, नोकरी वाचत होती. लेरॉयचा तिकिटं चिकटवणारा हात थांबला होता. तो बायकोकडे बघत होता, आणि मी त्याच्या टाकीवरच्या काट्याकडे.

“सोमवारी तुम्ही लक्ष घालालच,” बाई म्हणाल्या. “पण सोमवारी यांचा हा आठवडा गेलेला असेल. तो तुम्ही परत आणणार नाही, तसा तुम्हाला अधिकारच नाही, नियम मी वाचलाय. मला काढायचं तर काढा, ते तुमच्या हातात आहे. टेबल मात्र मी उचलणार नाही. उचलायचं असेल तर तुम्ही स्वतः उचला. घडीचं आहे, जड नाही. फोटोवाले इथेच आहेत.”

फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. गव्हर्नरांनी टेबलाच्या कडेवर एक हात ठेवला, आणि मला वाटलं की ते उचलतात. मग त्यांनी हात काढून घेतला, मान हलवली, आणि काउंटरमागे जाऊन पुन्हा कोशिंबीर वाढायला लागले.

“पुढे कोण?” बर्नीबाई म्हणाल्या.

मी कोट काढला आणि दुसरी खुर्ची ओढली. चौदावा प्रश्न मला पाठ होता. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि अर्ध्या अर्जांची चळत माझ्यापुढे ढकलली. संध्याकाळी सातला आम्ही थांबलो. टोलेफसन कोपऱ्यातल्या टेबलावर तीन तास बसून होते, कारण परतायला गाडी माझीच होती. धिरडी त्यांनी दोनदा घेतली. शनिवारी सकाळी बाईंनी ती खोकी पोस्टात नेली आणि शेवटच्या पाकिटावर शिक्का पडेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या.

चौकशी दहा डिसेंबरला राजधानीत झाली. आरोपपत्रात वीस नोव्हेंबरचा उल्लेख नव्हता, कारण तो करायचा तर त्या दिवशी टेबल पाहिलं कोणी हेही लिहावं लागलं असतं. आरोप ऑक्टोबरच्या किल्लीचा होता. हिशेब विभागातर्फे कागद घेऊन मी हजर होतो.

तीन जणांच्या समितीच्या अध्यक्षबाई सभ्य होत्या. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी एक छापील हमीपत्र पुढे केलं. बिनपगारी दिवशी ऑफिसात किंवा ऑफिसबाहेर, कोणत्याही जागी, कोणालाही अर्जासाठी मदत करणार नाही. सही केली की ताकीद फाइलमधून निघणार, नोकरी राहणार, पेन्शन राहणार, विमा राहणार. नाही केली तर समिती काय वाटेल ते करू शकते, बडतर्फीसुद्धा.

बाईंनी ते दोनदा वाचलं. लेरॉय बाहेर बाकावर बसला होता, दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्या टाकीचा सुस्कारा आत ऐकू येत होता. अध्यक्षबाईंनाही तो ऐकू येत असावा. त्यांनी पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, मिसेस स्टॅशेक, घरचा विचार करा.

“करूनच आलेय,” बाई म्हणाल्या. “काल रात्री जेवताना विचारलं त्याला. तो म्हणाला, सही करून आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. बोलायला त्याच्याकडे आधीच हवा कमी आहे, त्यामुळे मला फारसा फरक पडला नसता. पण त्याचं बरोबर आहे.”

त्यांनी कागद परत सरकवला.

“मी सही करत नाही. पुढचा बिनपगारी शुक्रवार अठरा तारखेला आहे. मी सकाळी दहापासून हॉलमध्ये असेन, तुम्हाला पाठवायचं त्याला पाठवा. फक्त तो कामावर आहे की नाही, ते आधी ठरवून पाठवा.”

समितीने तासभर दार लावून घेतलं. बाई आणि लेरॉय बाकावर बसून होते. बाईंनी पिशवीतून सँडविच काढून अर्धं त्याला दिलं, आणि अर्ध्यातलं अर्धं मला. मला खाववलं नाही. मी आयुष्यात खूप निकालांची वाट पाहिली आहे, बहुतेक आकड्यांच्या. तो तास त्या सगळ्यांपेक्षा लांब होता.

दहा दिवसांचं बिनपगारी निलंबन, एवढंच झालं. नोकरी राहिली. ताकीद फाइलमध्येच राहिली, ती कोणी काढली नाही. जानेवारीत सुधारित हुकूम निघाला, आणि ज्या ऑफिसांचे पगार केंद्राकडून येतात ती शुक्रवारच्या यादीतून गळली. कारण दिलेलं नव्हतं. माझ्या टिपणीचाही उल्लेख नव्हता. गव्हर्नर पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यांच्यावर राज्यभर माणसं चिडलेली होती, पण त्या संध्याकाळी टेबल न उचलल्याबद्दल ऑटर फॉल्समध्ये त्यांना अजून बरं म्हणतात, हे मी स्वतः ऐकलं आहे.

अठरा डिसेंबरला यादी अजून जुनीच होती, आणि बाई निलंबित होत्या. मी त्या दिवशी रजेवर होतो, तेव्हा स्वतःच्या गाडीने गेलो. दहाला पाच कमी असताना हॉलपाशी पोचलो. दार उघडं होतं, टेबल मांडलेलं होतं, आणि रांगेत सतरा माणसं होती. समितीकडून कोणी आलेलं नव्हतं. बर्नीबाईंनी घड्याळात बघितलं, पाच मिनिटं थांबल्या, आणि दहाच्या ठोक्याला पहिल्या माणसाला म्हणाल्या, “बस. चौदावा सोडून बाकी सगळं तू भर.”